डाऊन सिंड्रोम असलेल्या १९ वर्षांच्या मुलीचे व्यावसायिक मूल्यमापन: हाती आलेल्या अहवालावर किती विसंबावे?

मिरजेची_आई

नमस्कार. माझी मुलगी १९ वर्षांची असून तिला डाऊन सिंड्रोम आहे. लहानपणापासून ती विशेष शाळेत जाते. वयोमर्यादा ओलांडल्यामुळे आता तिचे नाव तेथून कमी होईल. पुढे कर्मशाळेत (दिव्यांग प्रौढांना देखरेखीखाली काम देणाऱ्या संस्थेत) प्रवेश घ्यावा की आणखी काही मार्ग शोधावा, हे ठरवण्याआधी तिचे व्यावसायिक मूल्यमापन करून घ्या, असे मुख्याध्यापिकांनी सुचवले. त्याप्रमाणे आम्ही तिला एका केंद्रात नेले. तेथे तिची बिने-कामत बुद्धिमापन चाचणी झाली, व्हाईनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीसाठी (रोजच्या व्यवहारात ती स्वतःचे किती पाहते, हे मोजण्यासाठी) मला प्रश्न विचारण्यात आले, तिला मणी ओवायला आणि ठोकळे रचायला दिले, आणि एका सकाळीत सर्व काम उरकले. नंतर जो दोन पानी अहवाल मिळाला, त्यात बुद्ध्यंक ४८, मध्यम स्वरूपाची बौद्धिक अक्षमता, 'खुल्या रोजगारासाठी अयोग्य' (म्हणजे इतरांसारख्या सर्वसामान्य नोकरीसाठी) आणि शिफारस म्हणून 'संरक्षित कार्यशाळेत मेणबत्त्या व कागदी पिशव्या' एवढेच लिहिले आहे.

अहवाल खोटा आहे, असे माझे म्हणणे नाही. अनोळखी माणसासमोर ती गप्प बसते, तिचे उच्चार परक्याला चटकन कळत नाहीत आणि दहा-वीस रुपयांपलीकडचा हिशेब तिला जमत नाही. पण हीच मुलगी घरी आलेले धान्य तासभर न कंटाळता निवडते, वाळलेले कपडे ज्याचे त्याच्या कप्प्यात घड्या घालून ठेवते, आणि माझ्या सासूबाईंबरोबर बसून बेदाण्याच्या काड्या काढताना त्यांच्या नजरेतून सुटलेल्या काड्याही वेचते. यातले काहीही कोणी विचारले नाही आणि मी सांगू लागले तेव्हा लिहून घेतले नाही. मेणबत्त्यांचे काम तिने आयुष्यात पाहिलेले नाही. तेच तिला योग्य, हे कशावरून ठरले असावे, तेही अहवालात नाही.

माझे प्रश्न असे. नीट केलेल्या व्यावसायिक मूल्यमापनात नेमके काय काय असावे? सांगली-मिरजेकडच्या माणसाने त्यासाठी कोठे जावे? आणि 'अयोग्य' हा शेरा एकदा कागदावर आल्यावर पुढे तो तिच्या आड येतो का? तिचे वडील रेल्वेतून निवृत्त झाले आहेत आणि त्यांना या सगळ्याची घाई वाटते. मला मात्र पुढची चाळीस वर्षे एका सकाळीत ठरावीत, हे पटत नाही.

शिल्प_निदेशक

ताई, मी बौद्धिक दिव्यांग प्रौढांच्या एका कर्मशाळेत शिल्प निदेशक आहे आणि असे अहवाल घेऊन आलेले पालक दर वर्षी जूनमध्ये आमच्या दारात उभे असतात, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्याला मिळालेला अहवाल एका वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. बुद्ध्यंक आणि सामाजिक परिपक्वता यांवरून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र ठरते. मध्यम स्वरूपाच्या बौद्धिक अक्षमतेला आपल्याकडे ७५ टक्के दिव्यांगत्व धरतात, आणि त्या कामासाठी हा कागद पुरेसा आहे. परंतु व्हाईनलँड श्रेणीचे जे भारतीय रूपांतर सर्वत्र वापरले जाते, ते मालिन यांनी नागपुरात केलेले असून त्यातील ८९ बाबी वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंतच्या वाढीला धरून आहेत. एकोणीस वर्षांची मुलगी दिवसाचे चार तास एका जागी बसून काम करील का, चुकलेला नग स्वतःहून बाजूला काढील का, मालक रागावल्यास काय करील, हे त्या श्रेणीला विचारताच येत नाही. तेव्हा 'सामाजिक वय अमुक वर्षे, म्हणून रोजगारासाठी अयोग्य' ही उडी त्या चाचणीच्या आधाराने मारता येत नाही.

बौद्धिक दिव्यांगांसाठीची सिकंदराबादची राष्ट्रीय संस्था, जिला आपण पूर्वी एनआयएमएच म्हणत असू आणि जिचे नाव आता एनआयईपीआयडी आहे, तिने बौद्धिक अक्षमतेसाठी व्यावसायिक मूल्यमापन व कार्यक्रम-आखणीची 'व्हीएपीएस' ही स्वतंत्र पद्धत तयार केलेली आहे. तिच्या मागची दृष्टी अशी, की प्रथम व्यक्तीची कोणत्याही कामाला लागणारी सामान्य कौशल्ये आणि कामाच्या जागचे वर्तन पाहायचे, दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष कामाचे विश्लेषण करायचे, दोन्ही शेजारी ठेवून कोठे जुळते आणि कोठे तफावत आहे ते शोधायचे, आणि त्या तफावतीवर प्रशिक्षणाचा आराखडा बेतायचा. आपल्या अहवालात यांतील दुसरी बाजूच नाही. कोणत्या कामासाठी अयोग्य, हे न सांगता नुसते अयोग्य ठरवले आहे.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे नोंद कशी होते. 'येते' आणि 'येत नाही' असे दोनच रकाने असतील तर तो कागद बाजूला ठेवावा. आठवण करून दिल्यावर करते का, तोंडी सूचनेने करते का, एकदा करून दाखवल्यावर करते का, की हात धरूनच करवून घ्यावे लागते, या पायऱ्या वेगवेगळ्या लिहिल्या पाहिजेत. याच राष्ट्रीय संस्थेच्या शालेय तपासणी-सूचीत 'संधीच मिळालेली नाही' अशीही एक स्वतंत्र नोंद आहे आणि तिचे मोल फार मोठे आहे. ज्या मुलीने कधी कुलूप उघडलेले नाही, कारण घरात किल्ली तिच्या हाती कोणी दिलेलीच नाही, तिच्या नावापुढे 'येत नाही' असे लिहिणे हा तिच्या घराचा अहवाल झाला, तिचा नव्हे. आमच्याकडे येणाऱ्या मुलींच्या बाबतीत हे मुलांपेक्षा जास्त दिसते, हेही नमूद करतो.

दुसरे, एका बैठकीत कौशल्य दिसते, शिकण्याची गती दिसत नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात मार्क गोल्ड यांनी अतिशय कमी बुद्ध्यंक असलेल्या माणसांना सायकलच्या ब्रेकची जुळणी शिकवून दाखवली. कामाच्या बारीक पायऱ्या पाडून, कमीत कमी बोलून आणि चूक झाली की 'आता दुसरी तऱ्हा करून पाहा' एवढेच सांगत त्यांनी ते साधले. चाचणीचा आकडा पाहून ते काम त्या माणसांना कोणीही दिले नसते. म्हणून नवे काम देऊन पहिल्या दिवशी किती मदत लागली आणि आठवड्याने किती लागली, हे पाहावे. मदत उतरत असेल तर सुरुवातीचा वेग कमी असला तरी काळजीचे कारण नाही.

मेणबत्त्यांविषयी आमच्या क्षेत्रातील एक उघड गुपित सांगतो. आसपासच्या कर्मशाळेत जे साचे आणि जी यंत्रे असतात, तेच व्यवसाय अहवालातल्या शिफारशीत उतरतात. कर्मशाळेला मी कमी लेखत नाही. ज्यांना दिवसभर देखरेख लागते त्यांच्यासाठी ती आवश्यक आहे, आणि दिवाळीच्या आधी आमच्याकडे पणत्या व उटण्याच्या पाकिटांचे काम मनापासून चालते. मात्र ती शिफारस व्यक्तीकडे पाहून झालेली असावी.

कोठे जावे, याविषयी. नवी मुंबईत खारघर येथे एनआयईपीआयडीचे प्रादेशिक केंद्र आहे आणि बौद्धिक अक्षमतेसाठी मी तेच प्रथम सुचवीन. मुंबईत सायनला केंद्रीय श्रम मंत्रालयाचे केंद्र आहे. ते १९६८ मध्ये सुरू झालेल्या देशातील पहिल्या व्यावसायिक पुनर्वसन केंद्रांपैकी असून आता राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र या नावाने चालते. पण खरे सांगायचे तर मूल्यमापनाचा मोठा भाग मिरजेतच होऊ शकतो. तिला ओळखणाऱ्या शिक्षिका, एक प्रत्यक्ष कामाची जागा आणि शिस्तीने ठेवलेली नोंदवही, एवढे असले तर पुष्कळ माहिती हाती येते.

व्यवसायोपचार_सातारा

वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे, तरी मणी ओवणे आणि ठोकळे रचणे यांना इतके टाकाऊ ठरवू नये. त्यांतून चिमटीची पकड, दोन्ही हातांचा मेळ आणि डोळे व हात यांचा समन्वय कळतो. दोष चाचणीत नसून ती तेथेच थांबली यात आहे.

डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत व्यावसायिक मूल्यमापनाच्या आधी वैद्यकीय तपासणी ताजी असणे अत्यंत आवश्यक आहे, आणि नेमका हाच भाग बहुतेक अहवालांत गाळलेला असतो. या व्यक्तींमध्ये थायरॉईडची कमतरता सामान्य लोकांपेक्षा बरीच अधिक आढळते. ती मंद गतीने येते आणि मुलगी सुस्त झाली, कामचुकार झाली, असा समज होतो. झोपेत श्वास अडखळण्याचा विकारही त्यांच्यात वारंवार दिसतो. रात्री घोरणारी, तोंड उघडे ठेवून झोपणारी मुलगी सकाळी अकरा वाजता कामावर पेंगत असेल, तर तिच्या 'एकाग्रतेच्या कालावधी'विषयी शेरा मारण्यापूर्वी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवायला हवे. कानात पाणी साठून ऐकू कमी येणे, तरुण वयात मोतीबिंदू होणे, हेही लक्षात ठेवावे. आपली मुलगी अनोळखी माणसासमोर गप्प बसते, असे आपण लिहिले आहे. तिची श्रवणतपासणी शेवटी केव्हा झाली, हे कृपया पाहावे.

मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधील सांधा काही जणांत सैल असतो. त्यामुळे डोक्यावर किंवा खांद्यावर ओझे वाहण्याचे काम देण्यापूर्वी अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, आणि चालण्यात अचानक बदल, हातापायांत अशक्तपणा किंवा लघवीवरचे नियंत्रण जाणे असे काही दिसले तर विनाविलंब डॉक्टर गाठावेत. जन्मतः हृदयदोष होता का, हेही नोंदीत असले पाहिजे.

हे सर्व तिला कामापासून दूर ठेवण्यासाठी सांगत नाही. स्नायूंचा ताण कमी आणि बोटे आखूड असल्यामुळे सामान्य उंचीच्या टेबलावर ती लवकर थकते. पायांखाली पाट, कोपर टेकतील अशी टेबलाची उंची आणि निसटणार नाही असे ताट दिले की तीच व्यक्ती अधिक वेळ बसू शकते. मूल्यमापन करणाऱ्याने हे बदल करून पाहिले का आणि करण्यापूर्वी व केल्यानंतर काय फरक पडला, हे अहवालात असावे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात वाजवी सोयीसुविधांची जी तरतूद आहे, तिचा कामाच्या टेबलाजवळचा अर्थ हाच आहे.

बेदाण्याचा उल्लेख वाचून आनंद झाला. आपल्या भागात तो पर्याय नैसर्गिक आहे. हळदीच्या कामाविषयी मात्र मी जपून राहीन, कारण तेथे बारीक धूळ फार असते आणि या मुलांना छातीचे संसर्ग लवकर होतात.

सोलापूरचा_पालक

सर्वांचे लिखाण उत्तम आहे, पण एक कडू प्रश्न विचारतो. माझा मुलगा २७ वर्षांचा आहे. त्याचे सर्व प्रकारचे मूल्यमापन झाले, त्यात 'पॅकिंगच्या कामासाठी योग्य' असा स्पष्ट शेराही आला, आणि तो अहवाल कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत सुरक्षित आहे. काम नाही. औद्योगिक वसाहतीत जाऊन आलो. सर्व जण आदराने चहा देतात आणि 'कळवतो' म्हणतात. दर खेपेला आमच्याच मुलांना तोलले जाते. मालकाचे मूल्यमापन कोण करणार?

रोजगार_समन्वयक_पुणे

सोलापूरच्या काकांचा प्रश्न रास्त आहे आणि उत्तर असे, की मालकाच्या जागेचे मूल्यमापन करणे हेच खरे तर माझे अर्धे काम आहे. अहवाल हातात घेऊन काम मागायला गेले की नकार मिळतो, हा माझाही अनुभव आहे, कारण 'पॅकिंगसाठी योग्य' या शब्दांतून मालकाला काहीच कळत नाही. आम्ही आधी जागा पाहतो. एखाद्या गोदामात चार कामगार दिवसभर काय करतात, हे शेजारी उभे राहून टिपून घेतले की असे दिसते, की कुशल कामगाराचा तासभर वेळ लेबल चिकटवणे, रिकामे खोके उघडून ठेवणे, पट्टी मारणे अशा गोष्टींत जातो. ती कामे वेगळी काढून एक नवे काम तयार होते. मग मालकाला सांगता येते, की आपल्या माणसाचा तास वाचेल. आणि हे त्याला दयेपेक्षा लवकर समजते.

यामागे 'आधी कामावर नेमा, मग तेथेच शिकवा' हा विचार आहे. अमेरिकेत १९८६ साली साहाय्यित रोजगाराला कायद्यात स्थान मिळाले, त्याच्या मुळाशी असा अनुभव होता, की कार्यशाळेत 'तयार होईपर्यंत' थांबवलेली माणसे वर्षानुवर्षे तयारच होत राहतात. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीला एका ठिकाणी शिकलेले दुसऱ्या ठिकाणी नेणे अवघड जाते, हे येथील प्रत्येक पालकाला ठाऊक असेल. मग केंद्राच्या खोलीत शिकवून गोदामात पाठवण्यापेक्षा गोदामातच शिकवणे शहाणपणाचे नाही का? सुरुवातीला जॉब कोच, म्हणजे कामाच्या जागीच शिकवणारा मार्गदर्शक, दिवसभर बरोबर असतो, मग अर्धा दिवस, मग आठवड्यातून एकदा. या काळातली नोंद हेच माझ्या दृष्टीने सर्वांत विश्वासार्ह मूल्यमापन आहे. मुंबईत जुहू येथे २०१८ पासून चालणारे कॅफे अर्पण पाहिले, तर बौद्धिक व विकासात्मक अक्षमता असलेली माणसे ग्राहकांसमोरचे काम कसे करतात, ते प्रत्यक्ष दिसते. तेथे काही मिनिटे बसल्याने नियोक्त्याचे जेवढे मतपरिवर्तन होते, तेवढे आमच्या सादरीकरणांनी होत नाही.

मिरजेच्या ताईंसाठी काही गोष्टी आवर्जून सांगतो, कारण त्या अहवालात कधीच नसतात आणि नोकरी बहुधा त्यांच्यावरूनच सुटते. हाताच्या कौशल्याअभावी काम सुटल्याची उदाहरणे मी फार थोडी पाहिली आहेत. काम सुटते ते जाण्यायेण्यावरून, मधल्या सुट्टीवरून आणि स्वच्छतागृहावरून. घरापासून कामापर्यंतचा रस्ता ती एकटी पार करील का, बस चुकली तर काय करील, मासिक पाळीच्या दिवसांत स्वतःची व्यवस्था पाहील का, डब्याच्या वेळी इतर बायका थट्टा करू लागल्या तर कोणाकडे जाईल, हे सारे तपासून पाहिले पाहिजे. मुलगी असल्यामुळे आणखी एक: कोणी अंगाला हात लावला तर 'नको' म्हणणे आणि येऊन सांगणे तिला जमते का, आणि ती सांगेल तेव्हा तिचे बोलणे समजणारी एखादी व्यक्ती तेथे आहे का? दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने अंतर्गत तक्रार समिती बंधनकारक आहे. तिची चौकशी पालकांनी बिनदिक्कत करावी. वीस किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने दिव्यांगांसाठी समान संधी धोरण प्रसिद्ध करणे अपेक्षित आहे. तेही मागून पाहावे. त्या मागणीला मिळणारा प्रतिसाद पुष्कळ काही सांगून जातो.

'अयोग्य' हा शेरा आड येतो का? खासगी रोजगारात कोणी तो कागद मागत नाही. मूळ कागद खोडण्याच्या फंदात पडू नका. नवे, तारीखवार आणि कामाच्या नोंदींसह मूल्यमापन झाले की जुने आपोआप मागे पडते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र) वेगळे आहेत आणि ते जपून ठेवावेत. सरकारी सेवेतल्या चार टक्के आरक्षणापैकी एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सर्वांना मिळून आहे. त्यासाठीही शैक्षणिक पात्रता लागते, म्हणून त्या आशेवर आजची वाट अडवून ठेवू नये.

अल्पदृष्टी_कोल्हापूर

मी पालक नाही आणि तज्ज्ञही नाही. मूल्यमापन झालेल्यांपैकी आहे. बारावीनंतर माझ्या अहवालात 'दूरध्वनी चालक किंवा खुर्च्या विणणे' असे लिहिले होते. मला त्या दोन्हींपैकी काय आवडते, असे मात्र कोणी विचारले नव्हते. आज मी स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी संगणक प्रणाली) वापरून बँकेत काम करतो.

या चर्चेत आतापर्यंत मुलीची पकड, थायरॉईड, वेग, सुरक्षितता आणि मालकाची सोय या सर्वांवर लिहिले गेले, पण तिला स्वतःला काय करावेसे वाटते हे एकाही प्रतिसादात आलेले नाही. तिचे बोलणे स्पष्ट नाही, ही अडचण खरी आहे. तरीही निवड करण्यासाठी बोलणे आवश्यक नसते. कामांचे फोटो तिच्यापुढे ठेवा, प्रत्येक काम थोडा थोडा वेळ करू द्या आणि दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन कशाकडे जाते ते पाहा. ज्याने कधी दोन कामे केलेली नाहीत, त्याला 'काय आवडते' असे विचारणे ही नुसती औपचारिकता ठरते, म्हणून आधी अनुभव आणि मग प्रश्न, हा क्रम असावा. आई समोर बसलेली असताना मुले आईच्या चेहऱ्याकडे पाहून उत्तर देतात, हेही मी अनुभवाने सांगतो. काही वेळ आपण खोलीबाहेर थांबावे, ही विनंती.

आणि ती १९ वर्षांची आहे, म्हणजे कायद्याने सज्ञान आहे. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो आणि आपण तो करालही, पण त्यामुळे तिचे मत संपत नाही. तिच्या मूल्यमापनाचा अहवाल तिलाही सोप्या शब्दांत आणि चित्रांच्या मदतीने समजावून सांगितला पाहिजे.

मिरजेची_आई

सर्वांचे मनापासून आभार. श्रवणतपासणी शाळेच्या सुरुवातीच्या वर्षांनंतर झालेली नाही. ती आणि थायरॉईडची तपासणी याच आठवड्यात करून घेते. कोल्हापूरच्या दादांचे म्हणणे वाचून थोडा वेळ काही सुचले नाही. ते योग्य आहे.

आमच्या ओळखीच्या एका बेदाणा व्यापाऱ्यांच्या शीतगृहाजवळ निवडणीची शेड आहे. तेथे बहुतेक बायकाच काम करतात. शाळेच्या एक शिक्षिका सुट्टीत तिच्याबरोबर थांबायला तयार आहेत. व्यापाऱ्यांशी काय बोलावे आणि नोंदी कशा ठेवाव्यात, हे कृपया सांगावे. दुसरे, तिच्या वडिलांना अशी भीती वाटते, की ती कमावती झाली तर आमच्या पश्चात तिला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन बंद होईल. ही भीती खरी आहे का?

निवृत्त_लेखाधिकारी

निवृत्तिवेतनापुरते लिहितो. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिव्यांग अपत्यांसाठीची उत्पन्नाची अट शिथिल केली. कुटुंब निवृत्तिवेतन सोडून अपत्याचे अन्य एकूण उत्पन्न हे मृत कर्मचाऱ्याच्या अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के आणि त्यावरील महागाई साहाय्य, एवढ्या रकमेपेक्षा कमी असेल, तर ते अपत्य आयुष्यभरासाठी पात्र ठरते. निवडणीच्या शेडमधील अर्धवेळ मजुरी त्या मर्यादेच्या जवळपासही जाणार नाही. रेल्वेचे निवृत्तिवेतन नियम स्वतंत्र असल्यामुळे आपल्या मंडळाच्या कार्मिक विभागाकडून लेखी उत्तर मात्र घ्यावे. त्याहून तातडीचे काम म्हणजे, मुलीचे नाव आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र वडिलांच्या हयातीतच निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांत नोंदवून घेणे. पालकांच्या पश्चात हीच नोंद करताना भावंडांची फार दमछाक होते.

शिल्प_निदेशक

व्यापाऱ्यांशी बोलताना नोकरी मागू नका. मूल्यमापनासाठी दोन आठवडे, रोज दोन तास जागा मागा, आणि या काळात तिच्या निवडलेल्या मालाची जबाबदारी शिक्षिका घेतील असे सांगा. तिला नेण्याआधी शिक्षिकांनी एक दिवस एकटीने जाऊन तेथील सवयीच्या बायकांचे काम पाहावे. काडी काढणे, काळे दाणे वेगळे करणे, आकार व रंग यांनुसार प्रत लावणे, या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत आणि तिला पहिली जमेल, दुसरी शिकता येईल आणि तिसरी कदाचित नको वाटेल. प्रत्येक पायरी स्वतंत्र कागदावर लिहावी.

नोंदवहीत रोज एवढेच टिपावे: किती वजनाचा माल दिला, किती वेळ लागला, निवडलेल्या मालात किती काड्या व काळे दाणे राहिले, कोणत्या पायरीला कोणत्या प्रकारची मदत लागली, आणि ती आपण होऊन केव्हा उठली. तेच वजन आणि तोच वेळ शेजारच्या सवयीच्या बाईंचाही एक-दोनदा नोंदवावा, म्हणजे पुढे मजुरीची गोष्ट निघाली तर आपल्या हाती तुलना असेल. वेगाबरोबर अचूकतेचीही नोंद हवी, कारण आपण वर्णन केल्याप्रमाणे तिची नजर सासूबाईंपेक्षा बारीक असेल, तर हळू पण स्वच्छ निवडणाऱ्या हाताला चांगल्या प्रतीच्या मालावर जागा मिळू शकते.

जेवणाच्या सुट्टीत शिक्षिकांनी मुद्दाम दूर बसावे. हा हंगामी धंदा आहे, हेही आजच ध्यानात घ्या. द्राक्षांचा हंगाम सरल्यानंतर शीतगृहातला माल किती महिने निवडणीला येतो, ते व्यापाऱ्यांना विचारून ठेवा आणि उरलेल्या महिन्यांसाठी कर्मशाळेचा प्रवेशअर्जही भरून ठेवा. दोन्हींपैकी एकच निवडले पाहिजे, असा नियम नाही. नोंदी पूर्ण झाल्यावर त्या घेऊन खारघरला जा. रिकाम्या हाताने गेलात तर तेथेही मणी आणि ठोकळ्यांपासूनच सुरुवात होईल.